वस्तुपाठ आणि पाठांतर

एखाद्याचे आचरण अनुकरणीय असले म्हणजे ते इतरांस वस्तुपाठ आहे, असे आपण मराठीत सहज म्हणतो. हा शब्द मूळचा प्राथमिक शाळेतला आहे, ही गोष्ट मात्र आता बहुतेकांच्या स्मरणातून गेली आहे. मुलांच्या हाती प्रत्यक्ष वस्तू देऊन, ती पाहण्यास, चाचपण्यास, मोडून जोडण्यास लावून जो पाठ द्यावयाचा तो वस्तुपाठ. इंग्रजी अमदानीत ही पद्धती युरोपातून आमच्या मराठी शाळांत आली. पुढे वस्तू मागे पडल्या आणि शब्द तेवढा भाषेचा अलंकार होऊन राहिला. ज्या पुरुषाच्या आयुष्यभराच्या खटपटीतून ही पद्धती निघाली, त्या योहान हाइनरिख पेस्टालॉझीचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. लहान मुलांस विज्ञान कसे शिकवावे, या प्रश्नाचे उत्तर आणि त्या उत्तरात दडलेला धोका ही दोन्ही या एकाच चरित्रात सापडतात.

पेस्टालॉझीचा जन्म स्वित्झर्लंडातील झुरिच शहरी १२ जानेवारी १७४६ रोजी झाला. बाप शस्त्रवैद्य होता. मुलगा पाच वर्षांचा असतानाच तो वारला, आणि आई व घरची एक निष्ठावंत मोलकरीण यांनी त्यास वाढविले. तरुणपणी रूसोच्या १७६२ सालच्या 'एमिल' या ग्रंथाने त्याचे मन भारले. १७६९ साली त्याने आना शुल्थेस हिच्याशी विवाह केला आणि बिर गावाजवळ जमीन घेऊन मंजिष्ठाची लागवड आरंभिली. शेती बुडाली. पुढील वर्षी मुलगा झाला. त्याचे नाव रूसोच्याच नावावरून ठेविले. या मुलाच्या शिक्षणाची टिपणे त्याने १७७४ साली लिहून ठेविली आहेत. बाप साडेतीन वर्षांच्या मुलास ओढ्याकाठी नेतो, प्रवाहाबरोबर खाली खाली चालतो, आणि पाणी उताराकडे वाहते हा सिद्धान्त मुलाच्या तोंडून आपोआप बाहेर पडतो. पदार्थविज्ञानाचा याहून चांगला पहिला धडा आम्हांस तरी ठाऊक नाही. तथापि याच मुलास अकरा वर्षांचा होईतो धड लिहिता-वाचता येत नव्हते, हेही येथे सांगितले पाहिजे. रूसोने सांगितलेली मोकळीक आणि बापाची उतावीळ यांच्या ओढाताणीत त्याचे शिक्षण विसकटले, आणि दीर्घ आजारानंतर १८०१ साली तो वारला. केवळ निसर्गाच्या स्वाधीन केल्याने मूल शिकते असे नाही; अनुभवास क्रम लावून देणारा शिक्षक लागतोच, हा धडा पेस्टालॉझीस स्वतःच्या घरात फार महाग पडला.

१७७४ सालीच त्याने आपल्या नॉयहोफ या शेतघरी गरिबांची मुले गोळा केली. सूत कातणे, विणणे, शेतकाम आणि त्याबरोबर लेखन, वाचन व गणित, असा तो उद्योग होता. कर्जापायी १७८० साली तोही बंद पडला. १७८१ साली त्याची 'लीनहार्ट आणि गेरट्रूड' ही कादंबरी निघाली आणि नाव युरोपभर झाले. १७९२ साली फ्रेंच राष्ट्रसभेने त्यास नागरिकत्वाचा मान दिला. पण कीर्तीने शाळा मिळत नाही. ती मिळावयास बावन्न वर्षांचे वय व्हावे लागले.

१७९८ च्या सप्टेंबरात फ्रेंच सैन्याने स्टान्स गावचा उठाव रक्ताने विझविला व शेकडो मुले पोरकी झाली. नव्या सरकारने त्यांच्यासाठी काढलेले अनाथगृह पेस्टालॉझीने पत्करले, आणि १७९९ च्या जानेवारीत एका मठाच्या इमारतीत ते सुरू झाले. सुमारे ऐंशी मुले. बहुतेक रोगट, उवांनी भरलेली, भेदरलेली. हाताशी एक स्वयंपाकीण. पुस्तके नाहीत, साहित्य नाही, दुसरा शिक्षक नाही. या अभावातूनच त्यास वाट सापडली. पुस्तक नसल्यामुळे सभोवतालच्या वस्तू हेच पुस्तक झाले, आणि शिक्षक नसल्यामुळे ज्या मुलास जे येई ते त्याने शेजारच्यास शिकवावे असा प्रघात पडला. जून महिन्यात सैन्याच्या रुग्णालयासाठी इमारत घेण्यात आली आणि पाच महिन्यांत हे काम संपले. वर्गात मुले फार आणि साधने थोडी, म्हणून प्रयोग करविता येत नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी या पाच महिन्यांचा विचार अवश्य करावा.

त्याच वर्षी तो बुर्गडोर्फ येथे गेला. तेथे एका चांभाराच्या शाळेत त्यास प्रथम जागा मिळाली. परंतु धर्मप्रश्नोत्तरीचे पाठांतर न घेणारा हा मास्तर पालकांस आवडला नाही. आमच्या मुलांवर प्रयोग नकोत, अशी त्यांची तक्रार होती, व त्यास शाळा बदलावी लागली. पुढे त्याने स्वतःची संस्था काढली, आणि १८०१ साली 'गेरट्रूड आपल्या मुलांस कसे शिकविते' या ग्रंथात आपली पद्धती मांडिली. तिचे सार थोडक्यात असे: आधी प्रत्यक्ष अवलोकन, मग संख्या, आकार व नाव, आधी वस्तू, मग व्याख्या, आधी जवळचे, मग दूरचे. आमच्या नैयायिकांनी प्रत्यक्षास पहिले प्रमाण मानिले आहे. त्यांच्या वंशजांस हे तत्त्व परके वाटण्याचे कारण नाही.

या काळातील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. वर्गात चित्रे दाखवून पाठ चालला होता. शिडीचे चित्र पुढे येताच एका मुलाने विचारिले की, अंगणात खरी शिडी असता चित्रावर का बोलावे? चित्र समोर आहे व सोयीचे आहे, असे सांगून शिक्षकाने त्यास गप्प केले. पुढे खिडकीचे चित्र निघाले; तेव्हा तोच प्रश्न पुन्हा आला, आणि आता तर खिडकी वर्गातच होती! पेस्टालॉझीच्या कानी हे गेले तेव्हा त्याने मुलाची बाजू खरी मानिली व चित्रे बाजूस ठेविली. शिक्षणशास्त्राच्या इतिहासात विद्यार्थ्याने गुरूस जिंकल्याची आणि गुरूने ते आनंदाने मान्य केल्याची ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते.

१८०५ पासून १८२५ पर्यंत इव्हर्दों येथील किल्ल्यात त्याची शाळा चालली. भरभराटीच्या काळी तेथे दीडशेच्या वर मुले होती. भूगोलासाठी मुलांस जवळच्या नदीच्या खोऱ्यात नेत; ती आधी खोरे नजरेखालून घालीत, मग कडेची माती घेऊन येत आणि वर्गातील मेजांवर त्याच खोऱ्याची उठावाची आकृती हातांनी बनवीत. ती पुरी झाल्यावरच नकाशा पुढे येई. बालोद्यानाचा जनक फ्रोबेल याने १८०८ पासून दोन वर्षे येथे राहून काम केले. प्रशियाने आपले तरुण शिक्षक येथे शिकावयास पाठविले. परंतु सहकाऱ्यांच्या भांडणांनी संस्था पोखरली आणि शेवटी बंद पडली. १७ फेब्रुवारी १८२७ रोजी ब्रुग येथे पेस्टालॉझीचा अंत झाला. बिर गावी त्यास पुरण्यात आले. लौकिक दृष्टीने पाहता त्याचा प्रत्येक उद्योग बुडाला. त्याची पद्धती मात्र तरली.

ती तरली, पण कशी, हे पाहणे आमचे खरे काम आहे. १८३० साली इंग्लंडात एलिझाबेथ मेयो हिने वस्तुपाठांचे पुस्तक काढिले. त्यातील पहिला पाठ काचेचा आहे. काच मुलांच्या हाती द्यावी व तिचे गुण त्यांनी शोधावे, हा मूळ हेतू उत्तम. पण पुस्तक हाती आल्यावर काच पारदर्शक आहे, काच ठिसूळ आहे, अशी विशेषणे घोकविणे शिक्षकांस सोपे वाटू लागले. वस्तुपाठाचेही पाठांतर झाले! खुद्द पेस्टालॉझीही या दोषातून सुटला नव्हता. बुर्गडोर्फ येथे भिंतीवरील कागदाच्या भोकाविषयी एकच वाक्य फिरवून फिरवून तो मुलांकडून मोठ्याने म्हणवून घेई. पद्धती कितीही चांगली असो, मुलास स्वतः पाहू न देता शिक्षकाने पाहिलेले त्याच्या तोंडी घातले की पुराणातली वांगी पुराणातच राहतात.

आमच्या देशात ही ज्योत अनेकांनी जपली आहे. १९३७ साली वर्धा येथे गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षणाचा पुरस्कार केला. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि पुढे कोसबाड येथे, महागड्या विलायती साधनांऐवजी बिया, शिंपले, पाने यांवर बालशिक्षण उभे केले. १९७२ साली मध्य प्रदेशात होशंगाबादच्या १६ शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकविण्याचा उपक्रम निघाला. तो तीस वर्षे चालून २००२ साली बंद झाला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही अनुभवातून शिकण्याचा पुरस्कार केला आहे. तेव्हा तत्त्वाची वाण नाही. वाण आहे ती वर्गात मुलाच्या हाताला काम मिळण्याची. प्रयोगाचे साहित्य विकत घेऊन कपाटात कुलूपबंद ठेवणे, किंवा शिक्षकाने प्रयोग करावा व चाळीस मुलांनी दुरून पाहावा, हे शिडीचे चित्र दाखविण्यासारखेच आहे.

खर्चाची सबब आम्हांस मान्य नाही. अंगणात एक मीटर उंचीची काठी सरळ रोवावी आणि महिन्यातून एकदा भरमध्यान्ही तिची सर्वांत आखूड सावली मुलांनी सुतळीने मोजावी. मुंबईच्या अक्षांशावर २१ मार्चच्या सुमारास ती सुमारे ३५ सेंटिमीटर भरेल, आणि डिसेंबरच्या उत्तरार्धात सुमारे ९०. सूर्याच्या दक्षिणायनाची व्याख्या ज्याने घोकली तो ती परीक्षेनंतर विसरेल. ज्याने ही सुतळी धरली तो विसरणार नाही. ओल्या फडक्यात मटकी बांधून मोड कोणत्या दिवशी आला याची नोंद ठेवण्यास तरी कोणते अनुदान लागते?

आमची सूचना एवढीच आहे. इयत्ता तिसरी ते पाचवीच्या विज्ञानाच्या गुणांपैकी निदान निम्मे गुण मुलाने स्वतः केलेल्या अवलोकनाच्या वहीस द्यावे. त्या वहीत चुकलेले मापही राहू द्यावे. आणि अधिकाऱ्यांनी शाळा तपासताना कपाटातील साहित्याची यादी न पाहता ते साहित्य मुलांच्या हातांनी किती झिजले आहे ते पाहावे. परीक्षा बदलल्यावाचून वर्ग बदलत नाही, हे सर्व शिक्षक जाणतात. पालकांनीही मुलाने आज किती पाठ केले हे विचारण्यापूर्वी त्याने आज काय पाहिले हे विचारावे. अंगणात खरी शिडी उभी आहे. मुलांस तिच्यापर्यंत जाऊ द्यावे.