दोन मिनिटांच्या अंधारासाठी

ओरायन नेब्युलाचा फोटो तुमच्यापैकी कित्येकांच्या मोबाइलवर वॉलपेपर म्हणून असेल. हिवाळ्यात कळंबच्या एखाद्या अंधाऱ्या गच्चीवरून मृग नक्षत्र बघा. तीन ताऱ्यांच्या बाणाखाली एक पुसट ठिपका दिसतो. तोच तो!

या ठिपक्याचा प्रकाश १८९१ मध्ये पुण्यात एक पारशी प्राध्यापक तपासत होते. कावसजी दादाभाई नायगामवाला. जन्म १८५७चा. वेधशाळा उभारायची म्हणून त्यांनी भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींकडून पाच हजार रुपये मिळवले, तेवढीच भर मुंबई सरकारनं घातली. १८८८ मध्ये पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत, वेधशाळा सुरू झाली. वीस इंची आरशाची तिथली दुर्बीण तेव्हा देशातली सर्वात मोठी होती.

त्या काळी इंग्लंडचे नामवंत शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर सांगत होते, की तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे. त्याच्या प्रकाशातली हिरवी रेषा मॅग्नेशियमची आहे, असं त्यांचं म्हणणं. तसं असतं तर ती एका बाजूनं पसरट दिसायला हवी होती. नायगामवालांनी ती पुन्हापुन्हा तपासली. रेषा प्रत्येक वेळी धारदारच! पुण्यातल्या प्राध्यापकानं लंडनच्या बड्या नावाला पुराव्यानिशी खोडून काढलं. ती रेषा ऑक्सिजनची आहे, हे जगाला कळायला १९२७ उजाडलं.

मग आलं २२ जानेवारी १८९८चं खग्रास सूर्यग्रहण. सावली कोकणातून तिरकी वर सरकणार होती. लॉकियर विजयदुर्गला उतरले. नायगामवालांनी जेऊर निवडलं. कुर्डुवाडीहून पुण्याकडे रेल्वेनं निघालं की केमनंतर लागतं, तेच जेऊर. अमेरिकेच्या लिक वेधशाळेची टीमही तिथंच होती. प्लेगचे दिवस, सगळं सामान पुण्याहून न्यायचं आणि हातात मिळणार जेमतेम दोन मिनिटं. ढग आला असता तर सगळी तयारी पाण्यात गेली असती. आभाळ स्वच्छ राहिलं. सूर्याभोवतीच्या प्रभामंडळाचे वर्णपट त्यांनी फोटोत पकडले.

१९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि वेधशाळाही बंद झाली. त्यांच्यामागं ती चालवायला कुणी उभंच केलं नव्हतं. दुर्बीण कोडाईकनालला गेली. तिथं तिला नाव मिळालं भावनगर टेलिस्कोप, दान देणाऱ्याच्या गावाचं. १९३८ मध्ये नायगामवाला गेले.

पैसा उभा राहिला, दुर्बीण आली, जगाला मान्य व्हावं असं कामही झालं. कमी पडला तो पुढचा माणूस. फिजिक्स घेऊन पुढं काय, असं विचारणाऱ्या मित्राला ही गोष्ट नक्की सांगा.