पांढरे लुगडे

बीड जिल्ह्यातील परळी येथे वैजनाथाचे मोठे मंदिर आहे. या मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकर यांनी केला. जीर्णोद्धार म्हणजे जुन्या इमारतीची दुरुस्ती करून तिला नवे रूप देणे.

अहिल्याबाईंचा जन्म १७२५ साली जामखेड तालुक्यातील चौंडी या गावी झाला. हा तालुका बीड जिल्ह्याला लागूनच आहे. त्यांचे वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील होते. इंदूरचे सरदार मल्हारराव होळकर यांचा मुलगा खंडेराव याच्याशी अहिल्याबाईंचे लग्न झाले.

१७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव मारले गेले. अहिल्याबाई सती जायला निघाल्या. पण मल्हाररावांनी त्यांना थांबवले. त्या दिवसापासून त्यांनी रंगीत वस्त्र सोडले. अंगावर पांढरे लुगडे, डोक्यावर पदर आणि गळ्यात एक लहानशी माळ, एवढाच त्यांचा वेश असे.

पुढे १७६६ मध्ये मल्हारराव वारले आणि १७६७ मध्ये मुलगा मालेरावही गेला. राज्याला वारस उरला नाही. तेव्हा अहिल्याबाईंनी स्वतः कारभार हाती घेतला. त्या काळी विधवेने घराच्या कोपऱ्यात बसावे, असे लोक मानत. अहिल्याबाई मात्र त्याच पांढऱ्या वेशात रोज दरबारात बसत आणि लोकांच्या तक्रारी ऐकून न्याय देत.

महेश्वर ही त्यांची राजधानी. तेथे त्यांनी विणकरांना आश्रय दिला. महेश्वरच्या सुंदर साड्या पाहुण्यांना भेट म्हणून दिल्या जात. स्वतः राणी मात्र साधे लुगडेच नेसत. दूर इंग्लंड-अमेरिकेत क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथातील स्त्रियाही त्या शतकात साधे कपडे घालत व डोक्यावर साधी टोपी घेत. कपड्यांवरून कोणी लहान-मोठा ठरू नये, असे त्यांना वाटे.

अहिल्याबाईंनी खासगीच्या उत्पन्नातून देशभर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या. १७९५ साली त्यांचे निधन झाले. स्वतःच्या अंगावर त्यांनी दागिना घातला नाही. पण त्यांनी बांधलेल्या विहिरींचे पाणी हजारो वाटसरू प्यायले. माणसाची किंमत त्याच्या कपड्यांवरून नव्हे, तर त्याच्या कामावरून ठरते, हे त्यांच्या जीवनावरून कळते.