एल्गार आणि एका स्टँडवरचे दोघे



शाळेच्या वाद्यवृंदात एका स्टँडपुढे आपण दोघे-दोघे बसत असू. पान उलटण्याचे काम आतल्या बाजूच्या मुलाचे. आता त्याचे कोणाला आठवतही नाही. म्हणून येथे इंग्लंडचे संगीतकार सर एडवर्ड एल्गार यांची ओळख करून देत आहे.

२ जून १८५७ रोजी वूस्टरजवळच्या ब्रॉडहीथ गावी त्यांचा जन्म झाला. वडील पियानो सुरात लावून देत आणि वूस्टरमध्ये संगीताचे दुकान चालवीत. पंधराव्या वर्षी शाळा सुटली. लाइपझिगला संगीत शिकायची इच्छा पैशाअभावी राहिली. काही काळ वकिलाच्या कचेरीत काम केले. पुढचे शिक्षण बरेचसे दुकानातल्या पुस्तकांवर आणि व्हायोलिनवर झाले. १८७९ मध्ये ते पॉविकच्या मनोरुग्णालयातील वाद्यवृंदाचे प्रमुख झाले. तेथे असतील त्या वाद्यांसाठीच लिहावे लागे. तो सराव जन्मभर पुरला.

१८८९ मध्ये वयाने मोठ्या असलेल्या अ‍ॅलिस रॉबर्ट्स यांच्याशी विवाह झाला. माहेरच्यांना स्थळ पसंत नव्हते. पतीच्या स्वरलिपीच्या कागदांवर रेघा आखण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. १८९९ मध्ये 'एनिग्मा' रचनेने नाव झाले, १९०४ मध्ये 'सर' किताब मिळाला.

१९०५ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रासाठी त्यांनी 'इंट्रोडक्शन अँड अलेग्रो' लिहिले. यात चार एकल वादक आणि त्यांच्याभोवती तंतुवाद्यांचा ताफा असतो. ताफ्यातला एकेक गट मध्येच दुभंगतो. मग स्टँडवरच्या बाहेरच्या वादकाने वरचे स्वर घ्यायचे, आतल्याने खालचे. कोठे वेगळे व्हायचे आणि कोठे पुन्हा एक व्हायचे, हे प्रतीवर स्पष्ट हवे. पानाच्या शेवटी विरामही हवा. एरवी आतला पान उलटताना बाहेरचा वाजवीत राहतो, पण गट दुभंगलेला असताना आतल्याचा हात थांबला की खालची ओळच गळते.

१९२० मध्ये अ‍ॅलिस गेल्या. त्यानंतर एल्गार यांच्या हातून मोठी रचना क्वचितच पूर्ण झाली. २३ फेब्रुवारी १९३४ रोजी त्यांचे निधन झाले. लिटल माल्व्हर्नच्या चर्चच्या आवारात दोघे शेजारी विसावले आहेत.

मेळाव्यात पुन्हा वाजवायला बसू, तेव्हा माझ्या स्टँडवर आतली जागा मी घेईन. इतकी वर्षे पाने दुसऱ्यानेच उलटली.