केशांचे आवरण

शिवमोग्गा जिल्ह्यातील उडुतडी हे अक्कमहादेवींचे गाव. काळ बारावे शतक. कौशिक राजाशी त्यांचा विवाह झाला की नाही, याविषयी चरित्रकारांत एकमत नाही. हरिहर झाला म्हणतो, चामरस नाही म्हणतो. राजवैभव व वस्त्रे टाकून, केवळ केशसंभार पांघरून त्या कल्याणला आल्या, असे परंपरा सांगते.

अनुभवमंटपात अल्लमप्रभूंनी भर सभेत त्यांना पती कोण ते विचारले. तरुण स्त्रीला परक्या सभेत असे विचारणे आज कठोरच वाटेल. अक्का रागावल्या नाहीत, त्यांनी मानही खाली घातली नाही. चेन्नमल्लिकार्जुन हाच आपला पती, असे त्यांनी सांगितले. खरा कठीण प्रश्न पुढे होता. वस्त्राचा मोह सुटला असेल, तर देह केसांनी तरी का झाकायचा? शून्यसंपादनेत हा संवाद आला आहे. अक्कांच्या उत्तराचा भाव असा, की हे आवरण पाहणाऱ्यांसाठी आहे. उघड्या देहाच्या दर्शनाने त्यांना क्लेश होऊ नयेत. स्वतःची लाज त्यांना उरली नव्हती. समोरच्याची मान खाली जाऊ नये, ही काळजी मात्र होती.

वयाने थोर असलेले शरणही त्यांना अक्का, म्हणजे थोरली बहीण, म्हणू लागले. पुढे त्या श्रीशैलच्या कदळीवनात गेल्या.