अभंगातला ईस्टर : रे. ना. वा. टिळक

स्मरणिकेसाठी लेख पाठवा, असा निरोप आपल्या ग्रुपवर आला तेव्हा बहुतेकांनी शाळेच्या आठवणीच लिहायला घेतल्या असणार. मी मात्र आपल्याला मराठीच्या पुस्तकात कवी म्हणून भेटलेल्या एका माणसाविषयी लिहिते आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक. फुलांवर आणि मुलांवर कविता लिहिणारे टिळक आपल्याला माहीत आहेत. नावामागचं 'रेव्हरंड' मात्र आपण परीक्षेपुरतं पाठ केलं आणि पुढे गेलो.

गेल्या काही वर्षांत हे टिळक मला पुन्हा भेटले, ते पुण्यात ईस्टरच्या पहाटे. ऑफिसातल्या एका मैत्रिणीचं माहेर नगरचं. तिच्यासोबत मी उपासनेला गेले होते. ऑर्गन आणि इंग्रजी चाली ऐकू येतील अशी अपेक्षा होती, पण ढोलकी आणि टाळ वाजू लागले. पद संपलं तरी लोक ध्रुवपद घोळवत राहिले. आपल्या गावच्या भजनात बसून वाढलेल्या मला तिथे काही परकं वाटलं नाही. पद कोणाचं, असं विचारल्यावर टिळकांचं नाव कळलं. मग मी त्यांच्याविषयी वाचत गेले.

टिळकांचा जन्म 1861 चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. वडील तापट होते. आई लवकर गेली आणि पोरवयातच त्यांनी घर सोडून नाशिक गाठलं. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे ते संस्कृत शिकले. 1880 च्या सुमारास लग्न झालं. पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा अकरा-बारा वर्षांच्या होत्या. पुढची कितीतरी वर्षं फिरस्तीत गेली. कुठे मास्तर, कुठे भिक्षुक, कुठे छापखान्यात खिळे जुळवणारे. एका जागी ते टिकत नसत. 1893 च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाशी गप्पा झाल्या. उतरताना त्याने बायबलातला नवा करार त्यांच्या हातात ठेवला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्याची किंमत त्यांनी मोजली, पण त्यांच्याहून जास्त लक्ष्मीबाईंनी मोजली. पदरी लहान मुलगा, नवरा धर्माबाहेर गेलेला आणि स्वतः नातेवाइकांच्या आधाराला. ही ताटातूट काही वर्षं चालली. शेवटी त्या नगरला टिळकांकडे आल्या, आधी आपलं सोवळंओवळं सांभाळून, आणि मग 1900 मध्ये स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. त्यांची 'स्मृतिचित्रे' वाचली नसतील तर जरूर वाचा. नवऱ्यावरचं प्रेम आणि नवऱ्याने दिलेला त्रास, दोन्ही त्यांनी सारख्याच मोकळेपणाने सांगितलं आहे.

नगरला टिळक अमेरिकन मराठी मिशनच्या कामात होते. तिथल्या मंडळींच्या गाण्यात त्यांना एक अडचण दिसली. ती मला नीट कळते, कारण माझ्या धंद्यात ती रोज येते. इंग्रजी सॉफ्टवेअर मराठीत आणायचं तर नुसते शब्द बदलून भागत नाही. बटण इंग्रजी शब्दाच्या मापाचं असतं, मराठी शब्द त्यात मावत नाही. भाषांतरित स्तोत्रांचं असंच होई. इंग्रजी शब्दात एका अक्षरावर जोर असतो आणि चालीचा ठोका त्या अक्षरावर बेतलेला असतो. मराठीत तसा जोर नाही. आपल्याकडे हिशेब ऱ्हस्व-दीर्घाचा, लघु-गुरूचा. चालीतला लांब सूर 'दया' मधल्या 'द' वर पडला की लोक 'दाया' म्हणणार. अर्थ भाषांतरात शाबूत राहिला तरी तोंडात शब्द मोडतो.

अभंगात ही अडचण येत नाही. मोठ्या अभंगाचे चार चरण, सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक. बाकी ओढाताण गाणाऱ्याच्या हाती. अक्षरओळख नसलेला माणूसही दोनदा ऐकून तो उचलतो. टिळकांनी अभंग, ओव्या आणि पदं लिहिली, भजन आणि कीर्तन उपासनेत आणलं. याची सुरुवात त्यांची नव्हे. नगरलाच कृष्णराव सांगळे यांनी त्यांच्या आधी ख्रिस्ती कीर्तनं रचली होती, आणि गोव्यात फादर स्टीफन्स यांनी 1616 सालीच ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापलं होतं. पण साध्या मंडळींच्या रोजच्या प्रार्थनेत हे गाणं रुजलं ते मुख्यतः टिळकांमुळे. मराठी चर्चमधल्या 'उपासना संगीत' या गीतपुस्तकात त्यांचा वाटा आजही फार मोठा आहे.

कासारसाईकरांना आपलं वाटेल असं एक कारण यात आहे. टिळक म्हणत, की ते ख्रिस्तापर्यंत पोचले ते तुकारामांच्या पुलावरून. देहू आपल्याहून फार लांब नाही, आपल्या साखर कारखान्यालाही तुकारामांचंच नाव आहे. विठ्ठलाला माउली म्हणण्याची आपली रीत टिळकांनी ख्रिस्तापाशी नेली आणि त्याला गुरुमाउली म्हटलं. जात, घर, नातीगोती सुटलेल्या त्या माणसाने तुकाराम काही सोडला नाही. त्यावरून दोन्ही बाजूंचे लोक नाराज होत. इकडच्यांना ते बाटलेले वाटत आणि तिकडच्या काहींना पुरते न बदललेले.

1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्याला गेले आणि 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनीही तिथे ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र यावं, असं त्यांच्या मनात होतं. पण हाती वेळ थोडा होता. 1919 मध्ये ईस्टर 20 एप्रिलला आला, आणि 9 मे रोजी मुंबईत टिळक गेले.

मागे 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं. येशूचं सगळं चरित्र ओवीत सांगायचा त्यांचा संकल्प होता, पण ते पहिल्या दहा-अकरा अध्यायांपर्यंतच पोचले. पुढचा सारा ग्रंथ, साठांहून अधिक अध्याय, लक्ष्मीबाईंनी लिहिले. म्हणजे क्रूसावरचं मरण आणि तिसऱ्या दिवसाची ती रिकामी कबर, ईस्टरची सारी गोष्टच, त्यांच्या वाट्याला आली. शाळेचं तोंड न पाहिलेली ही बाई. 1936 मध्ये त्या वारल्या आणि 1938 मध्ये ग्रंथ छापून आला. शुभवर्तमानात रिकामी कबर पहिल्यांदा बायकांना दिसते. मराठी ओवीत ती सांगणारीही एक बाईच निघाली, हे मला फार आवडतं.

हे सगळं आपल्या स्मरणिकेत का? आपलं गावही सुटत चाललंय म्हणून. हिंजवडी शेजारी आली, वावरं विकली गेली, आपल्यातले कितीतरी जण दुबईला नाही तर अमेरिकेला आहेत, आणि मुलं इंग्रजी शाळेत शिकतात. यातलं बरंच आपण आपणहून निवडलंय, मीही निवडलंय, आणि त्याबद्दल मला रडगाणं गायचं नाही. पण बदलताना हातात काय ठेवायचं, हे टिळकांना पक्कं ठाऊक होतं. नव्या घरात जाताना त्यांनी जुनं गाणं बरोबर नेलं, आणि शंभर वर्षांनंतरही लोक ते टाळ वाजवून म्हणतात.

मेळाव्याच्या संध्याकाळी डीजे ठरला आहे, असं ऐकते. त्याआधी अर्धा तास भजनाला द्यावा, अशी माझी विनंती आहे. गावात अजून पखवाज वाजवणारे आहेत, त्यांना बोलावू. आपल्या बाईंना आणि सरांना पुढे बसवू. शब्द कोणाला आठवले नाहीत तरी ध्रुवपद सगळ्यांना येईल.