सावित्रीबाईंची रुग्णसेवा

सावित्रीबाई फुले यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. पुण्यात त्यांनी मुलींना शिकवले. फातिमा शेख त्यांच्या सहकारी होत्या.

१८९७ साली पुण्यात प्लेगची साथ पसरली. सावित्रीबाईंचे दत्तक पुत्र डॉक्टर यशवंत यांनी हडपसरजवळ दवाखाना उघडला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः उचलून तेथे आणले. उंदरांवरील पिसवांमुळे प्लेग पसरतो आणि पिसवा कपड्यांतही लपतात, हे तेव्हा लोकांना ठाऊक नव्हते. सावित्रीबाईंनाही प्लेग झाला. १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

आज परिचारिकांना कामाचे कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता गरम पाण्याने व साबणाने धुण्यास सांगतात. मुलांनो, सेवा करणाऱ्याचा जीवही मोलाचा असतो.