ठिपके पाहिले पॅजेट यांनी, नाव झाले ओवेन यांचे

ससाणा, गरुड किंवा घुबड मृतावस्थेत सापडले, की युरोपातील काही प्रयोगशाळांत त्यांच्या स्नायूंची तपासणी केली जाते. ज्या परजीवींचा तेथे शोध घेतला जातो, त्यांत ट्रिकिनेला हा सूक्ष्म गोलकृमी महत्त्वाचा. स्नायूत दडलेला हा जीव कृमी आहे, हे प्रथम ओळखले ते माणसाच्या शवात, आणि तेही एकवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने. त्याचे नाव जेम्स पॅजेट.

पॅजेट यांचा जन्म ११ जानेवारी १८१४ रोजी इंग्लंडच्या ग्रेट यारमथ या बंदरात झाला. वडिलांचा मद्यनिर्मितीचा व जहाजांचा व्यवसाय पुढे बुडाला. जेम्स गावातील शल्यचिकित्सकाकडे उमेदवारी करू लागले. याच काळात भाऊ चार्ल्स यांच्यासह त्यांनी यारमथ परिसरातील पक्षी, मासे, कीटक व वनस्पतींची नोंद करणारे पुस्तक सिद्ध केले. ते १८३४ मध्ये प्रसिद्ध झाले. बारकाईने पाहण्याची सवय जडली ती येथेच.

त्याच वर्षी ते लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात दाखल झाले. फेब्रुवारी १८३५ मध्ये एका इटालियन माणसाच्या शवाचे विच्छेदन सुरू असताना स्नायूंत बारीक पांढरे ठिपके दिसले. असे ठिपके पूर्वीही दिसत. चाकूची धार बोथट करणारे हाडाचे कण म्हणून ते सोडून दिले जात. पॅजेट यांनी ते सोडले नाहीत. सूक्ष्मदर्शकाच्या शोधात ते ब्रिटिश म्युझियममध्ये गेले. तेथे रॉबर्ट ब्राऊन या ख्यातनाम वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यांना आपले भिंग दिले. प्रत्येक ठिपक्याच्या आत गुंडाळी करून बसलेला कृमी होता!

पॅजेट यांनी ६ फेब्रुवारी रोजी विद्यार्थ्यांच्या सभेत हे वाचून दाखवले. मात्र त्याच शवाचे तुकडे रिचर्ड ओवेन यांच्याकडेही पोहोचले होते. त्याच महिन्यात त्यांनी प्राणिशास्त्र संस्थेपुढे निबंध वाचला, कृमीला ट्रिकिना हे नाव दिले आणि श्रेय त्यांच्या पदरी पडले. (ते नाव एका माशीच्या प्रजातीला आधीच दिलेले असल्याने १८९५ मध्ये ट्रिकिनेला झाले.) प्रस्थापिताच्या लेखणीपुढे विद्यार्थ्याचा डोळा हरला, असेच म्हणावे लागेल. पॅजेट यांनी आठवणींत हा प्रसंग कडवटपणाविना सांगितला आहे.

पुढची वर्षे ओढग्रस्तीची गेली. वैद्यकीय नियतकालिकांसाठी लेखन, संग्रहालयातील नमुन्यांची सूची असे काम करीत त्यांनी वडिलांचे कर्ज फेडण्यास हातभार लावला. यश उशिरा, पण भरभरून आले. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्तनाच्या विकाराचे वर्णन १८७४चे, हाडांच्या विकाराचे १८७७चे. व्हिक्टोरिया राणीचे ते शल्यचिकित्सक होते.

ठिपक्यांतील तो कृमी जीवघेणा ठरू शकतो, हे १८६० मध्ये ड्रेस्डेन येथे झेंकर यांनी एका मोलकरणीच्या मृत्यूवरून दाखवले. शिकारी पक्ष्यांत मात्र पॅजेट यांची खूण उपयोगी पडत नाही. पक्ष्यांना बाधणारी ट्रिकिनेला स्यूडोस्पायरॅलिस ही जात १९७२ मध्ये रॅकूनवरून वर्णिली गेली. ती स्नायूत कोष बांधत नाही. त्यामुळे ठिपका दिसत नाही आणि चाकूही अडत नाही. म्हणून मांस पेप्सिन व हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून तळाशी बसलेल्या अळ्या सूक्ष्मदर्शकाखाली शोधतात आणि जात जनुकीय चाचणीने ठरवतात. सार्कोसिस्टिस हा एकपेशीय परजीवी स्नायूत कोष करून राहतो. त्यासाठी स्नायूचे पातळ काप रंगवून पाहावे लागतात.

पॅजेट यांचे निधन ३० डिसेंबर १८९९ रोजी लंडनमध्ये झाले.